शंभर नॅनोसेकंदांत कायनेज ‘चालू’ का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीनं प्रकल्पासाठी सार्क हे कायनेज, म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम, निवडलं. बंद अवस्थेतली स्फटिकरचना घेतली, त्यातलं नुसतं कायनेज डोमेन (एन्झाइमचं काम करणारा भाग) ठेवलं, टायरोसिन ४१६ वर (साखळीतल्या ४१६ व्या अमिनो आम्लावर) फॉस्फेट बसवला आणि ग्रोमॅक्स या सॉफ्टवेअरवर १०० नॅनोसेकंदांचं सिम्युलेशन, म्हणजे अणूंच्या हालचालीची संगणकी नक्कल, चालवलं. फॉस्फेट लागला की एन्झाइम उघडेल अशी अपेक्षा होती. उघडलं नाही. आरएमएसडीचा (मूळ रचनेपासून अणू सरासरी किती सरकले याचा) आलेख सुरुवातीला थोडा चढून सपाट झाला. सर म्हणाले, ‘सिस्टीम स्टेबल आहे, लिहून टाक.’ तिला ते पटेना. चुकलं कुठे, असं ती विचारते. जोडीला दुसरा प्रश्न: याच रचनेत हळदीतलं कर्क्युमिन डॉक करायचं, म्हणजे संगणकावर खळग्यात बसवून बघायचं, ठरलंय, करू का?

पटलं नाही हे उत्तम झालं. तुम्ही दिलेल्या माहितीवरून सेटअपमध्ये ढोबळ चूक दिसत नाही. खोट आहे ती अपेक्षेत. पाठ्यपुस्तकातली आकृती आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेली असते: डावीकडे बंद एन्झाइम, मधे बाण, बाणावर ‘पी’, उजवीकडे उघडं एन्झाइम. ती बघून वाटतं, फॉस्फेट येतो आणि रचनेला ढकलून उघडतो. तसं होत नाही. कायनेजचा रेणू फॉस्फेट नसतानाही अधूनमधून उघडतो आणि पुन्हा मिटतो. फॉस्फेट एवढंच करतो की उघडी अवस्था जास्त वेळ टिकते. याला पुरावा स्फटिकांतच आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेली सार्कची एक रचना आहे, प्रथिनरचनांच्या डेटाबँकेतला क्रमांक १वाय५७. तिच्यात टायरोसिनवर फॉस्फेट नाही, तरी कायनेजचा भाग सक्रिय आकारात आहे, कारण सार्कच्या शेपटीची त्याच रेणूतल्या एसएच२ या दुसऱ्या भागावरची (डोमेनवरची) पकड सुटलेली आहे. म्हणजे त्या आकारात पोचायला फॉस्फेट लागतोच असं नाही.

आता तुमचा फॉस्फेट नेमका कुठे बसलाय ते बघा. बंद सार्कमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन लूपचा (टायरोसिन ४१६ ज्यावर असतो त्या लवचिक पट्ट्याचा) काही भाग छोट्या हेलिक्समध्ये, म्हणजे सर्पिल वळणात, गुंडाळलेला असतो आणि टायरोसिन ४१६ आतल्या बाजूला, उत्प्रेरक जागेकडे तोंड करून असतो. दुसऱ्या कायनेजला तो तिथे सापडूच शकत नाही. पेशीत क्रम असा असतो की उष्णतेच्या हालचालीत लूप आधी सुटतो, टायरोसिन बाहेर येतो, शेजारचा सार्क रेणू त्यावर फॉस्फेट चढवतो आणि मग तो लूप परत सहज मिटत नाही. तुम्ही मिटलेल्या लूपच्या पोटात थेट उणे दोन भार ठेवलात. रेणूनं काय केलं असेल? जवळच्या अर्जिनिननं, बहुधा ३८५ क्रमांकाच्या, त्याला धरून ठेवलं असेल. ट्रॅजेक्टरी (सिम्युलेशनमधल्या हालचालीची नोंद) उघडून बघा. तसं असेल तर ती रचना फॉस्फेटमुळे उघडण्याऐवजी उलट आणखी अडकून बसली आहे, आणि सपाट आलेखाचं निम्मं कारण तिथेच आहे.

उरलेलं निम्मं कारण वेळेचं. सिम्युलेशनचं एक पाऊल दोन फेम्टोसेकंदांचं. १०० नॅनोसेकंद म्हणजे पाच कोटी पावलं. आकडा मोठा वाटतो, पण सार्कच्या लूपचं पूर्ण उलगडणं आणि अल्फा-सी नावाच्या दुसऱ्या हेलिक्सचं आत वळणं याला दहा-शंभर मायक्रोसेकंद किंवा त्याहूनही जास्त लागतात. शंभर नॅनोसेकंद बघून ‘उघडत नाही’ असं लिहिणं म्हणजे मार्चमधली एक सकाळ आयर्विन पुलावर उभं राहून कृष्णेला पूर येत नाही असा दाखला देणं. ‘स्टेबल’ या शब्दाचाही तोच प्रश्न. तुमची सिस्टीम शंभर नॅनोसेकंदांत हलली नाही, इतकंच म्हणता येतं. ती स्थिर आहे की अडकलेली आहे, हे एका ट्रॅजेक्टरीवरून कळत नाही.

हे क्षेत्र सुरू झालं तेव्हाची गोष्ट बघितली तर आपण फार पुढे आलोय. १९७७ साली मॅकॅमन, गेलिन आणि कार्प्लस यांनी प्रथिनाचं पहिलं सिम्युलेशन केलं. प्रथिन अवघ्या ५८ अमिनो आम्लांचं, भोवती पाणी नाही, आणि एकूण कालावधी ९.२ पिकोसेकंद. २०१३ साली कार्प्लस, लेव्हिट आणि वॉर्शेल यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते रेणूंच्या संगणकीय प्रतिकृतींवरच्या पायाभूत कामासाठी. १९७७ चं तेच छोटं प्रथिन २०१० मध्ये डी. ई. शॉ यांच्या संस्थेनं अँटन नावाच्या खास बांधलेल्या यंत्रावर एक मिलिसेकंद चालवून दाखवलं. तुमच्या कॉलेजातल्या मध्यम जीपीयूवर, पाण्यासकट पन्नास हजार अणूंच्या सिस्टीमला दिवसाला १५० नॅनोसेकंद मिळतात असं धरलं, तर एका मिलिसेकंदाला अठरा वर्षं लागतील. मे महिन्यात खोलीचं तापमान चाळिशीला टेकलं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं, तो हिशेब यात धरलेला नाही.

मग सार्क उघडताना कुणी पाहिलाच नाही का? पाहिला, पण एका लांब ट्रॅजेक्टरीत नाही. २०१४ साली शुक्ला, मेंग, रू आणि पांडे यांनी फोल्डिंग-अ‍ॅट-होम या प्रकल्पावर, म्हणजे जगभरच्या हौशी लोकांच्या घरच्या संगणकांवर, एकूण ५५० मायक्रोसेकंदांची सिम्युलेशन्स गोळा केली. त्यातलं प्रत्येक सिम्युलेशन तोकडंच होतं. ती सगळी मार्कोव्ह स्टेट मॉडेलमध्ये जोडली. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत किती वेळा जाणं होतं याचा तक्ता मांडला की कुणीही सलग न पाहिलेला पूर्ण रस्ता बांधता येतो. त्यातून दिसलं ते असं: आधी अ‍ॅक्टिव्हेशन लूप उलगडतो, त्यानंतर अल्फा-सी हेलिक्स आत वळतो, आणि मधे टिकाऊ अशा मधल्या अवस्था आहेत. दोन्ही टोकांच्या स्फटिकरचना कितीही बघितल्या तरी हा क्रम कळला नसता. औषधं शोधणाऱ्यांना या मधल्या अवस्थांचं आकर्षण आहे, कारण तिथले खळगे दोन्ही टोकांना दिसत नाहीत.

अल्फा-सी हेलिक्सचं हे वळणं जरा जवळून बघू, कारण तुमच्या प्रबंधाचा खरा मजकूर इथेच आहे. कायनेजचे दोन भाग असतात, वरचा लहान आणि खालचा मोठा, मधल्या फटीत एटीपी, म्हणजे फॉस्फेट पुरवणारा रेणू, बसतो. वरच्या भागात हा हेलिक्स असतो आणि त्यावर ग्लुटामेट ३१०. सक्रिय आकारात हा ग्लुटामेट आत येऊन लायसिन २९५ ला धरतो, आणि तो लायसिन एटीपीच्या फॉस्फेटांना जागेवर ठेवतो. बंद आकारात हेलिक्स बाहेर फिरलेला असतो, त्यामुळे ग्लुटामेट लायसिनपासून दूर जातो आणि अ‍ॅक्टिव्हेशन लूपमधल्या अर्जिनिन ४०९ शी जोडी करतो. आता टायरोसिन ४१६ वर, लूप उघडा असताना, फॉस्फेट आला की तो अर्जिनिन ३८५ बरोबरच या ४०९ लाही आपल्याकडे ओढतो. ४०९ गुंतला की ग्लुटामेट मोकळा होतो आणि लायसिनकडे जायला त्याला आडकाठी राहत नाही. फॉस्फेट हेलिक्सला हात लावत नाही. तो हेलिक्सला बाहेर धरून ठेवणारी जोडी फोडतो. तीन भारित अवशेषांची (साखळीतल्या अमिनो आम्लांची) ही अदलाबदल मला कायनेजमधली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

म्हणून आरएमएसडी बाजूला ठेवा. सुमारे २७० अवशेषांच्या डोमेनमध्ये डझनभर अवशेषांचा हेलिक्स फिरला, तर सरासरीत तो दिसतो न दिसतो, आणि मोकळ्या टोकाची वळवळ मात्र ठळक दिसते. त्याऐवजी दोन अंतरं काढा: ग्लुटामेट ३१० ते लायसिन २९५, आणि ग्लुटामेट ३१० ते अर्जिनिन ४०९. सक्रिय आकारात पहिलं तीन-चार अँगस्ट्रॉमच्या घरात असतं, बंद आकारात ते दहाच्या पुढे जातं. दोन्ही अंतरं एकाच आलेखात, एक आडव्या आणि एक उभ्या अक्षावर काढली की रेणू कुठे वावरतोय ते लगेच कळतं. तुमचे सगळे ठिपके एका कोपऱ्यात साचलेले दिसतील अशी माझी अटकळ आहे.

हे काढताना एक ठेच हमखास लागते, ती क्रमांकांची. सार्कचा शोध कोंबडीच्या विषाणूमुळे लागला. पेटन राऊस यांनी १९११ मध्ये तो विषाणू दाखवला, आणि बिशप व वार्मस यांना १९८९ चं नोबेल मिळालं ते त्याचं जनुक मुळात पेशीतूनच आलंय हे दाखवल्याबद्दल. त्यामुळे या क्षेत्रात अजूनही कोंबडीच्या सार्कचे क्रमांक चालतात. मानवी सार्कमध्ये तोच टायरोसिन ४१९ असतो आणि शेपटीतला ५२७ हा ५३० होतो. तीनचा फरक. फाइल मानवी रचनेची, क्रमांक कोंबडीचे, आणि लेख तिसऱ्याच पद्धतीचा, असं घडतं. फॉस्फेट लावण्यापूर्वी फाइलमधला अवशेष खरंच टायरोसिन आहे का आणि त्याचे शेजारी कोण आहेत, ते डोळ्यांनी बघा. डीएफजी (अ‍ॅस्पार्टेट, फिनायलअ‍ॅलनिन, ग्लायसिन) हा तिकडीचा तुकडा सापडला की तिथून मोजत जाणं सोपं पडतं.

तयारीच्या आणखी दोन-तीन गोष्टी निकाल फिरवू शकतात. एक, बऱ्याच स्फटिकरचनांत अ‍ॅक्टिव्हेशन लूपचे काही अवशेष दिसतच नाहीत, कारण ते हलत असतात. मॉडेलिंग करून भरलेला लूप हा अंदाज असतो. आपल्याला अभ्यासायचं तेच अंदाजानं भरलेलं असेल, तर तसं स्पष्ट लिहा. दोन, फटीत एटीपी आणि मॅग्नेशियम आहेत की फट रिकामी, यानं वरच्या भागाची ढब बदलते. रिकाम्या फटीचं सिम्युलेशन चालतं, पण त्याला पेशीतलं कायनेज म्हणू नका. तीन, डीएफजीमधल्या अ‍ॅस्पार्टेटवर प्रोटॉन आहे की नाही. अ‍ॅबल या दुसऱ्या कायनेजवर २००९ साली शॉ यांच्याच गटानं दाखवलं की त्या एका प्रोटॉनवर डीएफजीचं उलटणं बरंच अवलंबून असतं. क्लासिकल फोर्सफील्डमध्ये (अणूंमधल्या बलांच्या सूत्रांच्या संचात) प्रोटॉन चालू सिम्युलेशनमध्ये येत-जात नाही, सुरुवातीला जे ठरवाल तेच शेवटपर्यंत राहतं. शेपटी आणि एसएच२-एसएच३ डोमेन कापून नुसतं कायनेज डोमेन घेतलंय हेही विसरू नका. सार्कला बंद ठेवणारी मुख्य पकड त्या कापलेल्या भागातच होती.

आता एका पीसीवर काय करता येईल ते सांगतो. एक लांब ट्रॅजेक्टरी सोडून द्या. दोन्ही टोकांपासून सुरू करा: एक बंद रचना, डेटाबँकेतली २एसआरसी चालेल, आणि एक सक्रिय, वर सांगितलेली १वाय५७. दोन्ही फॉस्फेटसह आणि फॉस्फेटशिवाय. चार प्रकार झाले. प्रत्येकाच्या निदान चार-पाच स्वतंत्र धावा, सुरुवातीचे वेग वेगळे घेऊन, दोनशे-तीनशे नॅनोसेकंदांच्या. मग प्रश्न बदलतो. ‘बंद एन्झाइम उघडतं का’ याऐवजी ‘उघड्या एन्झाइममधून फॉस्फेट काढला तर ते किती लवकर सैल पडतं’ असं विचारा. सैल पडणं उघडण्यापेक्षा पुष्कळ लवकर होतं. ३१०–२९५ ची जोडी काही धावांत तुटते का, लूप डळमळतो का, अर्जिनिन ४०९ कुणाकडे वळतो, हे शे-दोनशे नॅनोसेकंदांत दिसण्याची बरीच शक्यता असते. पाचपैकी चार धावांत एकच गोष्ट दिसली तर तिला वजन आहे. एकीतच दिसली तर तसंच लिहा.

वीज जाते हे धरून चाला. ग्रोमॅक्स दर पंधरा मिनिटांनी चेकपॉइंट फाइल लिहितं, तिथून धाव पुढे सुरू करता येते. तेवढ्यासाठी यूपीएस हवा तो मशीन नीट बंद होण्यापुरता.

यापुढे जायचं असेल तर बायस, म्हणजे रेणूला कृत्रिम ढकल, लावावा लागतो. मेटाडायनॅमिक्स हा त्याचा एक प्रकार प्लुमेड या जोड-सॉफ्टवेअरमधून लावता येतो. लाइओ आणि पॅरिनेलो यांनी २००२ साली मांडलेली ही पद्धत आता बरीच रुळली आहे. रेणू जिथे वारंवार जातो तिथे ऊर्जेची भर टाकत राहायची, म्हणजे तो तिथून बाहेर पडतो. सार्कसाठी दोन चलं मला पुरेशी वाटतात: वर सांगितलेल्या दोन अंतरांतला फरक, आणि सक्रिय रचनेच्या तुलनेत लूपचा आरएमएसडी. एकच चल घेऊ नका. नुसता हेलिक्स ढकलला आणि लूप मिटलेलाच राहिला, तर मुक्त ऊर्जेचा आलेख दिसायला छान येतो आणि अर्थ काहीच नसतो. पारख सोपी आहे. बंदकडून उघड्याकडे आणि उघड्याकडून बंदकडे, दोन्ही दिशांनी काढलेला आलेख जुळला पाहिजे. जुळत नसेल तर सिम्युलेशन अजून पुरेसं झालेलं नाही. स्टिअर्ड एमडीनं ओढून उघडलेल्या रस्त्याला ‘अ‍ॅक्टिव्हेशनचा मार्ग’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. ओढलं की काहीही उघडतं.

आकड्यांबाबत एक लक्षात ठेवा. खोलीच्या तापमानाला १.४ किलोकॅलरी प्रति मोल एवढा फरक म्हणजे दोन अवस्थांच्या प्रमाणात दहापट फरक. फोर्सफील्डची चूकच साधारण एक किलोकॅलरीच्या घरात असते. तेव्हा ‘फॉस्फेटमुळे ०.६ किलोकॅलरीचा फरक पडला’ असं वाक्य परीक्षकासमोर ठेवू नका. ‘दिशा उघड्या अवस्थेकडे झुकते’ एवढं म्हणा. मोठी सिम्युलेशन्स करायची असतील तर पुण्यात आयसरला परम ब्रह्म हा महासंगणक आहे. आधी तिथल्या एखाद्या गटाशी बोला आणि चार प्रकारांचा प्राथमिक डेटा हातात घेऊनच जा.

कर्क्युमिनकडे येतो. सांगलीची हळद, २०१८ पासून जीआय मानांकन, मार्केट यार्डातले सौदे. मार्गदर्शकांना कर्क्युमिन का सुचतं ते कळतं. तरीही माझं उत्तर नाही असंच आहे. कर्क्युमिन रसायनदृष्ट्या खोडकर रेणू आहे. सामान्य पीएचला तो पाण्यात लवकर तुटतो, प्रथिनांशी रासायनिक बंध करू शकतो, स्वतः चमकतो, आणि त्यामुळे कितीतरी चाचण्यांत खोटा ‘सकारात्मक’ निकाल देतो. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात यावर सविस्तर लेख आला आणि त्यातलं मत बरंच परखड होतं. डॉकिंग प्रोग्रामला यातलं काही माहीत नसतं. लांबट, दोन्ही टोकांना फिनॉल असलेला रेणू तो कुठल्याही खळग्यात बसवून छान गुण देतो. भाजीतल्या हळदीबद्दल माझी काही तक्रार नाही.

त्याहून मोठा मुद्दा असा की डॉक करणार कोणत्या आकारात? इमॅटिनिबची गोष्ट इथे उपयोगी पडते. २००१ साली मान्यता मिळालेलं हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध अ‍ॅबल कायनेजच्या डीएफजी उलटलेल्या, बंद आकाराला धरतं. सार्कचा तोच खळगा जवळपास तसाच दिसतो, इमॅटिनिब त्यात जवळपास तसंच बसतं, आणि तरीही सार्कला ते हजारो पटींनी कमी घट्ट चिकटतं. २०१४ मध्ये डोरोथी कर्न यांच्या गटानं दाखवलं की फरक मुख्यतः औषध बसल्यानंतर प्रथिनानं घेतलेल्या नव्या आकारात आहे. स्थिर रचनेवरच्या डॉकिंगला हा फरक सापडणं कठीण. एका आकारात डॉक करून शंभर नॅनोसेकंद ‘स्टेबल’ दाखवणारे लेख ढिगानं निघतात. त्यात तुमची भर नको.

सरांना काहीतरी ‘अ‍ॅप्लिकेशन’ हवंच असेल तर त्याऐवजी उत्परिवर्तन घ्या. सार्कमध्ये टायरोसिन ५२७ ऐवजी फिनायलअ‍ॅलनिन आलं की शेपटीची पकड सुटते आणि एन्झाइम सतत चालू राहतं, पण त्यासाठी डोमेन्स सगळी लागतील, सिस्टीम मोठी होईल. तुमच्या पीसीला झेपेल असं म्हणजे गेटकीपर (फटीच्या आतल्या खळग्याच्या तोंडाशी असलेला अवशेष) थ्रिओनिन ३३८ ऐवजी आयसोल्युसिन. हा बदल कायनेजच्या आतला पाणीविरोधी कणा घट्ट करून सक्रिय आकाराला आधार देतो. अ‍ॅबलमध्ये याच जागेवर आयसोल्युसिन आलं की, म्हणजे टी३१५आय झालं की, इमॅटिनिब चालेनासं होतं. मूळ आणि बदललेलं सार्क, दोन्ही सक्रिय रचनेपासून, फॉस्फेटशिवाय, पाच-पाच धावा. कुठलं आधी सैल पडतं ते बघा. प्रश्न छोटा आहे, उत्तर मिळण्याजोगं आहे, आणि तुलना करायला प्रयोगांतली माहिती आधीपासून आहे.

सरांशी बोलताना ‘चुकलं’ हा शब्द वापरू नका. झालेली शंभर नॅनोसेकंदांची धाव फॉस्फेटसह बंद टोकापासूनची पहिली धाव म्हणून ठेवा, ती वाया जात नाही. फक्त लूप कसा भरला होता, अ‍ॅस्पार्टेटवर प्रोटॉन होता का आणि फटीत काय होतं हे तिच्या फोल्डरमध्ये आजच लिहून ठेवा. दोन अंतरांचा आलेख काढलात की इथे टाका. अर्जिनिन ३८५ नं फॉस्फेट धरून ठेवलाय का, हे मलाही बघायचंय.